बिल्डिंगची नियमावली कशी करावी: नाशिकमधल्या अपार्टमेंट आणि सोसायट्यांसाठी

गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत कुठल्याही बिल्डिंगच्या मीटिंगला जाऊन बसा. पहिल्या दहा मिनिटांत कोणीतरी म्हणतंच, "नियम म्हणजे नियम!" आणि लगेच दुसरं कोणीतरी विचारतं, "कुठं लिहिलाय?" मग चेअरमन सेक्रेटरीकडं बघतात आणि सेक्रेटरी फाईल शोधायला घरी जातात. फाईल सापडलीच, तर आत व्हॉट्सॲपवरून आलेली मुंबईच्या कुठल्यातरी टॉवरची नियमावली निघते. इंदिरानगरमधल्या सोळा फ्लॅटच्या बिल्डिंगला स्विमिंग पूलच्या वेळा आणि क्लब हाऊसचं बुकिंग!

नियमावली करायची तर आपल्या जिन्यापुरती, आपल्या टाकीपुरती करा. आणि ज्या नियमाच्या मागं कायद्याचा आधार नाही किंवा जो पाळून घ्यायला माणूस नाही, तो लिहूच नका. पंचवीस नियमांच्या फ्लेक्सपेक्षा खरोखर पाळले जाणारे आठ नियम बरे.

आधी कागद काढा

गेटवर 'अपार्टमेंट' लिहिलंय म्हणून ती इमारत कायद्यानं अपार्टमेंट असतेच असं नाही. 'को-ऑप. हाउसिंग सोसायटी'ची पाटी नाही म्हणून सोसायटी नाही, असंही नाही. नाशिकमध्ये दोन्ही प्रकार भरपूर आहेत आणि दोघांचे कायदे वेगळे.

सोसायटी असेल तर तुमच्याकडं शेअर सर्टिफिकेट असतं. तिची नोंदणी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली झालेली असते. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होते, म्हणजे व्हायला हवी. हे हस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, झालंय का, हे या निमित्तानं तपासून घ्या. कारभार उपविधींवर, म्हणजे संस्थेच्या नोंदवलेल्या अंतर्गत नियमांवर, चालतो. बहुतेक सोसायट्यांनी शासनाचे आदर्श उपविधी जसेच्या तसे घेतलेले असतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरणही आलं आहे.

अपार्टमेंट असेल तर लागू होतो महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७०. इथं शेअर सर्टिफिकेट नसतं. बिल्डरनं नोंदवलेलं डिक्लरेशन (इमारतीचं घोषणापत्र) असतं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाचं नोंदणीकृत डीड ऑफ अपार्टमेंट. फ्लॅट तुमचा, शिवाय जमीन, जिना, टेरेस, टाकी, लिफ्ट अशा सामाईक गोष्टींत तुमचा अविभाज्य हिस्सा. तो हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि त्याची वाटणी मागता येत नाही. उपविधी डिक्लरेशनलाच जोडलेले असतात.

डिक्लरेशनची प्रत कोणाकडंच नाही, असं हमखास होतं. एखाद्या फ्लॅटच्या डीडमध्ये डिक्लरेशनचा दस्त क्रमांक आणि तारीख दिलेली असते. त्यावरून दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कल काढा. चार-दोन हेलपाटे पडतील, पण त्याशिवाय पुढं जाऊ नका. पार्किंग कोणाचं, टेरेसचा तुकडा कोणाला दिलाय, तळमजल्याचे गाळे कशासाठी वापरता येतात, हे सगळं त्यातच असतं.

नक्कल मिळाली की उपविधी शांतपणे वाचा. अपार्टमेंटच्या ठरावीक नमुन्यात खिडकीतून कपडे लोंबकळत ठेवू नयेत, सतरंज्या-गालिचे खिडकीबाहेर झटकू नयेत, परवानगीशिवाय जाहिराती लावू नयेत, आवाजानं शेजाऱ्यांना त्रास देऊ नये अशा बाबी छापलेल्याच असतात. ज्यावरून तुम्ही वर्षभर भांडताय तो नियम कदाचित बिल्डिंग बांधली त्या दिवसापासून नोंदवलेला आहे.

मेंटेनन्सचा नियम सगळ्यात आधी

पैशाचं ठरलं नाही तर बाकीचे नियम कोणी ऐकत नाही. आणि इथंच सोसायटी आणि अपार्टमेंट यांची सर्वात जास्त गल्लत होते.

सोसायटीत वॉचमन, सफाई, सामाईक वीज, ऑफिस खर्च या सेवाशुल्काची वाटणी सर्वांमध्ये समान. वन-बीएचके असो की थ्री. लिफ्टचा खर्चही त्या बिल्डिंगमधल्या सर्वांना समान, तळमजल्यावरच्यांनासुद्धा. तळमजल्यावरचे काका दर वर्षी हा मुद्दा काढणार. त्यांना उपविधीचा क्रमांक दाखवायचा आणि चहा पाजायचा. पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर. दुरुस्ती निधी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी, किमान ०.२५ टक्के. यात जमिनीची किंमत धरत नाहीत. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर दुरुस्ती निधी वर्षाला ९,००० म्हणजे महिन्याला ७५० रुपये आणि सिंकिंग फंड महिन्याला २५० रुपये. "बघू पुढं" म्हणत हे दोन निधी टाळणाऱ्या बिल्डिंगमध्ये प्लास्टर पडायला लागलं की प्रत्येकी लाखभराची वर्गणी निघते. त्या दिवशीची मीटिंग बघवत नाही.

अपार्टमेंटमध्ये हिशेब वेगळा. सामाईक खर्च डिक्लरेशनमधल्या टक्केवारीप्रमाणं. आठ फ्लॅट आहेत, चार टू-बीएचकेचा हिस्सा प्रत्येकी १० टक्के आणि चार थ्री-बीएचकेचा प्रत्येकी १५ टक्के, असं समजा. महिन्याचा खर्च ३०,००० रुपये असेल तर टू-बीएचकेला ३,००० आणि थ्री-बीएचकेला ४,५००. "सगळ्यांना सारखं" हे ऐकायला बरं वाटतं, पण अपार्टमेंटला ते लागू नाही. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुण्यातल्या एका संकुलाच्या प्रकरणात हेच सांगितलं: कंडोमिनियममध्ये, म्हणजे या कायद्याखालच्या अपार्टमेंटमध्ये, मेंटेनन्स हिश्श्याच्या प्रमाणात.

मतदानालाही हाच न्याय. सोसायटीत एक सभासद, एक मत. अपार्टमेंटच्या ठरावीक उपविधींमध्ये मत टक्केवारीनं मोजतात. वरच्या उदाहरणात चार थ्री-बीएचकेवाले एकत्र आले तर ते ६० टक्के होतात. हात वर करून मोजलेला ठराव मग कोणीही उडवून लावू शकतो. मीटिंगला जाताना टक्केवारीचा तक्ता छापून न्या.

उशिराच्या हप्त्यावर व्याज लावायचं असेल तर सोसायटीत ते वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि सरळव्याजच. दर सभेत ठरवून घ्या. थकबाकीदारांची नावं लिफ्टमध्ये चिकटवणं, पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं हे प्रकार लोकप्रिय आहेत, पण पाणी तोडण्याचा अधिकार कमिटीला कायदा देत नाही. उलट थकबाकीदारच तक्रारदार होऊन बसतो.

एक नियम लिहून बघू

समजा पाण्याचा नियम करायचा आहे. बहुतेक ठिकाणी तो असा लिहितात: "सर्वांनी पाणी जपून वापरावे. अन्यथा कारवाई करण्यात येईल." म्हणजे काय करायचं? कोण बघणार, कारवाई कोण करणार, कसली करणार?

रंगपंचमी घ्या. आपल्याकडं रंग धुलिवंदनाला नाही, रंगपंचमीला खेळतात. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाच्या पाण्याचे हौद, असतात; बिल्डिंगमध्ये टेरेसच्या टाकीला लावलेला पाईप असतो. सकाळी दहाला पार्किंगमध्ये मुलांचा धिंगाणा सुरू होतो, साडेअकराला पाईप कोणीतरी उघडाच टाकून जातं, साडेबाराला वरच्या मजल्यावरच्या वहिनी साबण लावलेल्या अवस्थेत बाथरूममधून ओरडतात. मोटर लावावी तर खालच्या टाकीत पाणी नाही, कारण महापालिकेचं पाणी सकाळीच येऊन गेलं. या प्रसंगातून नियम काढायचा तो असा:

"रंगपंचमीला सामाईक टाकीला पाईप जोडू नये. आदल्या संध्याकाळी दोन ड्रम बोअरिंगच्या पाण्यानं भरून पार्किंगमध्ये ठेवले जातील. रंग त्या पाण्यातच खेळावा. ड्रम भरणं आणि खेळानंतर पार्किंग धुऊन घेणं याची जबाबदारी सांस्कृतिक समितीतल्या दोघांची."

जागा, वेळ, माणूस आणि काय करायचं हे सगळं त्यात आहे. बंदी कमी, सोय जास्त. प्रत्येक नियम लिहिताना चार प्रश्न विचारा: नेमकं काय करायचं किंवा करायचं नाही? लक्ष कोण ठेवणार? मोडला तर पुढं काय? आणि याचा आधार कुठला, उपविधी, डिक्लरेशन की कायदा? चौथ्याचं उत्तर "आपल्याला वाटतं म्हणून" असं आलं, तर नियम खोडा.

उन्हाळ्यासाठीही असंच. गंगापूर धरणातला साठा उतरला आणि महापालिकेनं कपात जाहीर केली की मोटर लावायच्या वेळा कशा बदलणार, टँकर कोण मागवणार, त्याचे पैसे कुठल्या निधीतून, हे मार्चमध्येच लिहून ठेवा. मे महिन्यात डोकी तापलेली असतात.

पार्किंग

बिल्डरनं पैसे घेऊन विकलेलं स्टिल्ट (बिल्डिंगखालच्या खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग "माझं आहे" असं म्हणणारे प्रत्येक बिल्डिंगमध्ये असतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये नहालचंद प्रकरणात स्पष्ट केलं की अशी जागा फ्लॅटसारखी स्वतंत्रपणे विकता येत नाही. ती सामाईक आहे. पण म्हणून दहा वर्षं एकाच जागी गाडी लावणाऱ्याला उद्या उठवायला जाऊ नका. आधी डिक्लरेशनमध्ये ती जागा 'मर्यादित सामाईक' (सामाईक, पण ठरावीक फ्लॅटच्याच वापराची) म्हणून कोणाला जोडली आहे का, ते पाहा.

सोसायटीत जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर आदर्श उपविधी सोडतीचा मार्ग सांगतात. वर्षाला एकदा, सगळ्यांसमोर चिठ्ठ्या. दुसऱ्या गाडीला जागा उरली तरच. पाहुण्यांच्या गाडीसाठी एक जागा राखून ठेवा आणि ती किती तास वापरता येईल ते लिहा. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग सामाईक मीटरवरून चालणार नाही, हेही आताच लिहून घ्या. एकानं एक्स्टेन्शन बोर्ड ओढला की चौघं ओढतात.

गळती

याच्याइतकं कटू भांडण दुसरं नसतं, कारण वरच्याला गळती दिसतच नाही. खालच्या बेडरूमच्या कोपऱ्यात बुरशी, फुगलेला रंग, आणि वरचे म्हणतात, "आमच्याकडं तर कोरडं आहे." सोसायटीच्या आदर्श उपविधींत वाटणी बरीच स्पष्ट आहे: टेरेस आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीच्या खर्चानं; संडास, बाथरूम, सिंकमधून होणारी अंतर्गत गळती ज्याच्या फ्लॅटमधून होते त्याच्या खर्चानं. अपार्टमेंटमध्येही टेरेस सामाईक असेल तर खर्च सगळ्यांचा.

नियमात तपासणीची पद्धत लिहा. तक्रार लेखी आली की ठरलेल्या दिवसांत कमिटीचा एक माणूस आणि प्लंबर दोन्ही घरं बघतील. वरच्या बाथरूमचा ट्रॅप बंद करून पाणी भरायचं, रंग टाकायचा आणि एक दिवस थांबायचं. खाली रंगीत ओल उमटली तर वाद संपला. तपासणीचा खर्च सध्या सामाईक निधीतून, नंतर ज्याची गळती त्याच्याकडून. वरच्यांनी घरात घेतलंच नाही तर तशी लेखी नोंद करायची. ती पुढं कामाला येते.

याच्याच जोडीला नूतनीकरणाचा नियम: काम सुरू करण्याआधी कमिटीला लेखी कळवणं, तोडफोडीची वेळ, राडारोडा कुठं टाकायचा, लिफ्टमधून सिमेंटच्या गोण्या न्यायच्या की नाही. कॉलम, बीम, स्लॅबला हात लावायचा नाही. इमारतीच्या मजबुतीला धोका पोचवणारं काम फ्लॅटधारकाला करता येत नाही, हे अपार्टमेंटच्या कायद्यातच आहे. बाल्कनी बंद करणं हा तर महापालिकेच्या परवानगीचा विषय. कमिटीनं "आमची हरकत नाही" असं पत्र देऊन स्वतःच्या गळ्यात घंटा बांधून घेऊ नये.

प्राणी, आवाज, कचरा

कुत्रा पाळायला बंदी घालणारा ठराव कितीही बहुमतानं केला तरी टिकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेता येत नाहीत. सामाईक जागेत पट्टा लावा, घाण मालकानं लगेच उचलावी, लसीकरणाचं कार्ड दाखवावं, एवढं सांगता येतं आणि तेवढं पुरतं. रस्त्यावरच्या कुत्र्यांना खायला घालण्यावरून भांडण असेल तर २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांकडं बघा: जिना, प्रवेशद्वार आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब एक ठिकाण आणि वेळ ठरवून द्यायची असते.

आवाजाचं प्रमाण कायद्यानं ठरलेलं आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. तुमच्या नियमात वाढदिवस, गणपती, टेरेसवरची कोजागरी यांच्या वेळा लिहा, म्हणजे दर वेळी वाद नको.

कचरा ओला-सुका वेगळा, सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून तिसरीकडं, आणि घंटागाडीच्या वेळेआधी डबा खाली. जिन्यात रात्रभर ठेवलेली पिशवी मांजर फाडतंच. चपलांचे स्टँड, कुंड्या, जुन्या सायकली जिन्यात नकोत, हे मात्र कडकपणे लिहा. आगीच्या वेळी तोच एक रस्ता असतो. ज्या इमारतीत अग्निशमन यंत्रणा बसवलेली आहे, तिथं परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं बी फॉर्म प्रमाणपत्र घेणं २००६ च्या कायद्यानं बंधनकारक आहे. त्या दोन तारखा सेक्रेटरीच्या कामाच्या यादीत घाला. १५ वर्षांपुढच्या सोसायटीला दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढच्या सोसायटीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, हेही तिथंच.

भाडेकरू, आणि येणारा सिंहस्थ

भाडेकरू ठेवायला सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, ती जबाबदारी घरमालकाची. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची आणि त्याची पोच कमिटीला. "बॅचलर चालणार नाहीत", "अमुक लोकांना देऊ नका" असले ठराव इतिवृत्तात लिहून कमिटी स्वतःच अडचणीत येते. मालक स्वतः राहत नसेल तर सोसायटीला ना-भोगवटा शुल्क घेता येतं, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्क १,२०० असेल तर १२० रुपये. दुप्पट मेंटेनन्स लावणाऱ्या सोसायट्या अजून आहेत आणि भाडेकरूही निमूट भरतात. मालकाचे आई-वडील किंवा मुलगी राहत असेल तर तेही लागत नाही.

आता खास आपल्या गावाचा प्रश्न. २०१५ नंतरचा सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि पर्वणीच्या दिवसांत रिकामा फ्लॅट आठवड्यासाठी यात्रेकरूंना देण्याचा मोह पंचवटी-म्हसरूळपासून नाशिकरोडपर्यंत सगळ्यांना होणार. हा नियम आत्ताच करा, ऑगस्ट २०२७ मध्ये नाही. डिक्लरेशनमध्ये फ्लॅट केवळ निवासासाठी असं लिहिलेलं असेल तर तिथं लॉज चालवण्याला हरकत घेता येते. पाहुणे म्हणून लोक येणारच असतील तर पुढची माहिती आधी मागा: किती माणसं, किती दिवस, प्रत्येकाचं ओळखपत्र, गाडी कुठं लागणार, आणि मालक गावात नसेल तर जबाबदार कोण. टू-बीएचकेमध्ये वीस माणसं उतरली तर टाकी, लिफ्ट आणि ड्रेनेज तिन्ही बसतात, म्हणून माणसांची मर्यादा आकड्यात लिहा. परदेशी पाहुणे असतील तर उतरवून घेणाऱ्यानं २४ तासांत त्यांची माहिती सरकारला कळवायची असते.

मंजुरी कशी घ्यायची

मसुदा दोघा-तिघांनी बसून करावा, आणि त्यात एक तरी भाडेकरू किंवा कमिटीवर नाराज असलेला माणूस असू द्या. नाराज माणूस मसुद्यातल्या पळवाटा आधीच दाखवतो. मग मसुदा सगळ्यांना द्या आणि लेखी हरकती मागवा.

सोसायटीत वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी, आणि तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. विषयपत्रिकेत "नियमावलीस मंजुरी" हा विषय छापलेला हवा. "ऐनवेळचे विषय" मध्ये घुसवलेला ठराव पुढं टिकत नाही. गणपूर्ती सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ते. इतिवृत्तात सूचक, अनुमोदक, बाजूनं आणि विरोधात किती, हे लिहा.

अपार्टमेंटमध्ये रोजच्या वापराचे नियम उपविधींच्या चौकटीत करता येतात. पण मूळ उपविधीच बदलायचा असेल तर नुसता ठराव पुरत नाही. डिक्लरेशनमध्ये दुरुस्ती करून ती नोंदवावी लागते. इथं वकिलाची फी वाचवू नका.

मोडला तर

पहिल्यांदा तोंडी सांगा, आणि ते वॉचमनच्या तोंडून नको. वॉचमनदादाला फ्लॅटधारकाशी भांडायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे आणि उपयोगही होत नाही. दुसऱ्यांदा सेक्रेटरीच्या सहीची लेखी सूचना, त्यात नियमाचा क्रमांक. तिसऱ्यांदा कमिटीसमोर बाजू मांडायची संधी. त्यानंतरच दंड. सोसायटीत दंडाचे दर सर्वसाधारण सभेनं ठरवलेले असावेत आणि एका आर्थिक वर्षात एकूण ५,००० रुपयांच्या वर जाऊ नयेत.

त्याच्याही पुढं गेलं तर सोसायटीच्या थकबाकीसाठी उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो आणि सभासद-सोसायटी वादासाठी सहकार न्यायालय आहे. अपार्टमेंटमध्ये उपविधी मोडणाऱ्याविरुद्ध नुकसानभरपाई किंवा मनाई हुकूम मागता येतो, आणि तो असोसिएशनलाच नाही तर ज्याला त्रास झाला त्या फ्लॅटधारकालाही. कायद्यातल्या अलीकडच्या दुरुस्तीनंतर अपार्टमेंटच्या तक्रारीही सहकार खात्याच्या निबंधकांकडं नेता येतात. अपार्टमेंटची थकबाकी फ्लॅटवर बोजा म्हणून राहते आणि फ्लॅट विकला तर घेणाराही तिला जबाबदार ठरतो. त्यामुळं रिसेल फ्लॅट घेताना थकबाकी नसल्याचं पत्र मागा. कमिटीनंही ते देताना नियमावलीची प्रत सोबत लावावी आणि नव्या मालकाची दुसऱ्या प्रतीवर सही घेऊन ती फाईलला ठेवावी.